लेकीच्या रायफलीला रंगीत साईट घ्यावी का?

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. माझी मुलगी नववीत असून दीड वर्षापासून जळगावला नेमबाजी शिकते. आतापर्यंत ती दहा मीटर एअर रायफलमध्ये ओपन साईटवर, म्हणजे रायफलीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरून खेळत होती. आता प्रशिक्षकांनी तिला पीप साईटवर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या साधनावर घेतले आहे. रायफल रेंजची असून तीन मुले ती आळीपाळीने वापरतात. मागच्या महिन्यात पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर स्पर्धेसाठी गेलो, तेव्हा इतर मुलांच्या रायफलींवर निळ्या-केशरी साईट, रंग बदलणाऱ्या आयरिस, नळीवर चकाकणारी वजने असा थाट पाहिला. परतीच्या प्रवासात मुलगी गप्प होती. शेवटी तिने एवढेच विचारले, की आपल्याकडे यातले काहीच का नाही. यंदा केळीला बरा भाव मिळाला म्हणून मी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. दुकानदाराने दिलेल्या यादीत बावीस मिलिमीटरचे रंगीत टनेल, पाच रंगांची आयरिस, नळीची वजने आणि मोठा ब्लाइंडर आहे. शिवाय माझ्या पुतण्याने घरच्या स्प्रिंगच्या एअरगनवर ऑनलाइन मागवलेली दुर्बीण आणि दोन पायांचा स्टँड बसवला आहे व तिने घरी त्यावरच सराव करावा असे त्याचे म्हणणे आहे. साहित्य साधे असावे आणि नेम चोख असावा, असे मला वाटते. पण मुलीचे मन मोडायचे नाही. काय घ्यावे?

उत्तर : भाऊ, सप्रेम नमस्कार.

साहित्य साधे असावे हे तुमचे मत मला अर्धेच मान्य आहे. या खेळात दिसायला अगदी साध्या असलेल्या काही वस्तू महाग असतात आणि त्यांच्यावाचून मुलाचे खरोखर अडते. उलट बालेवाडीत तुम्ही पाहिलेल्या रंगीत वस्तूंपैकी एखादी तुमच्या लेकीला उपयोगी पडेलही. म्हणून साधे की दिखाऊ या कसोटीवर यादी चाळू नका. केळीच्या पानावर लक्षण दिसल्याशिवाय तुम्ही कृषी केंद्रातली रंगीत टॉनिकची बाटली उचलत नाही, तसेच इथेही करायचे आहे: लेकीच्या लक्ष्यपत्रावर कोणता दोष दिसतो आणि ही वस्तू त्यातला नेमका कोणता दोष घालवते, हे दुकानदाराला आणि प्रशिक्षकांना विचारायचे. ज्या वस्तूबद्दल या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ती आज घ्यायची नाही.

दोष कसा ओळखायचा हे कळण्यासाठी या खेळाची मापे डोळ्यांसमोर असलेली बरी. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि त्याच्या मध्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याहून कितीतरी मोठा असतो आणि त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. याचा अर्थ असा की छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडले पाहिजे, आणि तेही मोठ्या स्पर्धेत ७५ मिनिटांत साठ वेळा. इतकी बारीक चूक साईट दाखवून देते, ती भरून मात्र काढत नाही. रायफल स्थिर ठेवण्याचे काम पाय, कंबर, खांदा आणि गाल यांनाच करावे लागते, आणि त्यांना त्यात मदत करणारे साहित्य साईटपेक्षा वेगळे असते. त्याकडे मी पुढे येते.

पुतण्याच्या दुर्बिणीबद्दल आधी सांगते, कारण ती बाब लवकर निकालात निघते. दहा मीटर एअर रायफलच्या नियमांत भिंग असलेली कोणतीही साईट चालत नाही, त्यामुळे दुर्बीण तर नाहीच, आणि दोन पायांचा स्टँडही चालत नाही, कारण उभे राहून कोणत्याही आधाराविना नेम धरणे हाच या प्रकाराचा गाभा आहे. त्याखेरीज स्प्रिंगच्या एअरगनला पुढे आणि मागे असे दोन्ही बाजूंनी झटके बसतात, आणि साध्या दुर्बिणीची आतली रचना त्या उलट्या झटक्याने ढिली होते. बऱ्याच दुर्बिणी लांबच्या पल्ल्यासाठी जुळवलेल्या असल्याने दहा मीटरवर त्यांतून लक्ष्य धूसर दिसते, आणि डोळा थोडा सरकला की नेमही सरकल्यासारखा भासतो. भिंगातून लक्ष्य मोठे दिसते तसा आपला थरथराटही मोठा दिसतो, हा नवशिक्या मुलाच्या मनावर होणारा परिणाम वेगळाच. पुतण्याने हे सारे मायेपोटी केले आहे, त्याला रागावू नका. पण लेकीचा सराव त्या एअरगनवर होऊ देऊ नका. घरी सराव करायचाच असेल, तर प्रशिक्षकांनी दिलेल्या पद्धतीने छऱ्याशिवाय, भिंतीवरच्या लहान ठिपक्यावर नेम धरण्याचा सराव पुरेसा आहे. घरातली एअरगन रिकामी, कुलपात आणि छऱ्यांपासून वेगळी ठेवा, एवढी विनंती मात्र आवर्जून करते.

आता साईटकडे येऊ. दुकानदाराच्या यादीत नसलेली, आणि माझ्या मते सर्वांत आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे पुढच्या साईटमध्ये बसणाऱ्या रिंगांचा संच. नळीच्या टोकाला जे टनेल असते त्यात ही छोटी रिंग बसते आणि नेमबाजाला तिच्या आत लक्ष्याचा काळा गोल दिसतो. रिंग जितकी बारीक तितका नेम अचूक, असा समज मुलांमध्ये पसरलेला आहे आणि तो त्यांचे नुकसान करतो. हिशेब पाहा. काळा गोल दहा मीटरवर ३०.५ मिलिमीटरचा आहे. डोळ्यापासून पुढची साईट साधारण ९० सेंटीमीटरवर असेल, तर त्या ठिकाणी तो गोल जवळपास पावणेतीन मिलिमीटरएवढा भासतो. तिथे तीन मिलिमीटरची रिंग लावली तर काळ्याभोवती प्रत्येक बाजूला जेमतेम एक दशांश मिलिमीटर पांढरा भाग उरतो. शरीर थोडे डुलले की तो पांढरा भाग एका बाजूने नाहीसा होतो, मुलगी तो परत आणण्यासाठी ताणून धरते, आठ-दहा सेकंदांत सुटायला हवा असलेला शॉट लांबतो, तोवर डोळा थकतो आणि अखेरीस ती घाईने ट्रिगर ओढते. चार मिलिमीटरच्या आसपासची रिंग लावली तर प्रत्येक बाजूला सहा दशांश मिलिमीटरहून अधिक पांढरे राहते. शरीराच्या स्वाभाविक डुलण्याला त्यात जागा मिळते आणि गोल मध्यावर आहे की नाही हे डोळ्याला चटकन कळते. नव्याने पीप साईटवर आलेल्या मुलीला मोठ्या रिंगेपासून सुरुवात करू द्यावी आणि थरथर कमी होईल तसतशी रिंग लहान करीत जावे. निरनिराळ्या मापांच्या रिंगांचा एक संच इतर कोणत्याही साहित्यापेक्षा स्वस्त पडतो आणि तो खिशात मावतो, त्यामुळे रायफल रेंजची असली तरी रिंग तिची स्वतःची असू शकते.

रिंग धातूची घ्यावी की पारदर्शक प्लास्टिकची, यावर मुले तासन्‌तास वाद घालतात. माझे मत विचाराल तर जिच्यातून तिला कड स्वच्छ दिसते ती घ्यावी, आणि ते दुकानात नव्हे तर रेंजच्या दिव्यांखाली ठरवावे. पारदर्शक रिंगेवर दिव्याची तिरीप पडली तर कड चमकते, आणि आपल्याकडच्या अनेक रेंज पत्र्याच्या शेडखाली, बाजूने ऊन येणाऱ्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

बावीस मिलिमीटरच्या टनेलचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. टनेल साधारणपणे अठरा किंवा बावीस मिलिमीटरच्या मापात येतात. मोठ्या टनेलमधून रिंगेभोवती अधिक उजेड आणि अधिक मोकळी जागा दिसते, त्यामुळे काहींना ते खरोखर सोयीचे वाटते. त्याची मी हेटाळणी करणार नाही. परंतु अठराच्या रिंगा बावीसच्या टनेलमध्ये बसत नाहीत, म्हणजे टनेल बदलले की रिंगांचा पूर्ण संच बदलावा लागतो. तीन मुलांच्या सामाईक रायफलीवर तुमच्या लेकीने वेगळ्या मापाचे टनेल लावले, तर प्रत्येक सरावाला ते काढणे-लावणे होईल आणि दर वेळी साईट थोडी हलेल. तिची स्वतःची रायफल येईपर्यंत टनेल बदलू नये. रंग केशरी असो की काळा, डोळ्याला आत दिसणाऱ्या गोलावर त्याचा परिणाम होत नाही.

आयरिसचे मात्र तसे नाही. मागच्या साईटच्या छिद्राचा व्यास कमी-जास्त करणारी ही चकती दिखाऊ समजून टाळू नका, कारण ती डोळ्याच्या कामात थेट मदत करते. छिद्र लहान केले की पुढची रिंग आणि लांबचे लक्ष्य दोन्ही एकाच वेळी अधिक रेखीव दिसतात, पण उजेड कमी होतो. फार लहान केले तर सगळे करडे होऊन डोळा ताणला जातो. छिद्र मोठे केले की उजेड भरपूर मिळतो, पण कडा पसरट होतात. बहुतेक नेमबाज एक ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास स्थिरावतात. एकाच रेंजवर, सारख्या उजेडात खेळणाऱ्या मुलाला एका मापाचे पक्के छिद्रही चालते. तुमची लेक मात्र जळगावच्या शेडमध्ये सराव करते आणि बालेवाडीच्या बंदिस्त, दिव्यांनी उजळलेल्या हॉलमध्ये स्पर्धा खेळते. तिला छिद्र बदलता येणारी साधी आयरिस उपयोगी पडेल. फक्त एक शिस्त तिने पाळावी: स्पर्धेच्या आधी मिळणाऱ्या तयारीच्या वेळात आयरिस एकदा जुळवावी आणि मग मोजणीचे शॉट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. शॉट बिघडला की आयरिस फिरवण्याची सवय एकदा लागली, तर आपल्या चुकीचे कारण मुलगी कायम साईटमध्येच शोधू लागते.

पाच रंगांच्या फिल्टरची आयरिस हे वेगळे प्रकरण आहे. पिवळा फिल्टर काळ्या-पांढऱ्यातला फरक ठळक करतो, करडा किंवा पोलरायझर (परावर्तित चमक अडवणारा) फिल्टर चकाकी कमी करतो, आणि नियमांनुसार असे फिल्टर पुढच्या किंवा मागच्या साईटवर लावता येतात. त्यांचा खरा उपयोग पन्नास मीटरच्या प्रकारात होतो, कारण तिथे लक्ष्य उघड्यावर असते, ढग येतात-जातात आणि ऊन बाजू बदलते. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो पन्नास मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरण्याचा) प्रकार असाच आहे. तिथल्या गरजेची वस्तू मुले दहा मीटरच्या हॉलमध्ये घेऊन येतात आणि तिला फॅशनचे रूप येते. स्थिर दिव्यांखाली दहा मीटर खेळणाऱ्या नववीतल्या मुलीला पाच रंगांची गरज नाही. बिनरंगाची आयरिस घ्या, आणि पुढे ती पन्नास मीटरकडे वळली तर फिल्टरचा विचार तेव्हा करता येईल.

यादीतला मोठा ब्लाइंडर विकत घेऊच नका. एक डोळा मिटून नेम धरला की गालाचे आणि कपाळाचे स्नायू ताणले जातात आणि काही मिनिटांत उघडा डोळाही थकतो, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर एक पट्टी आडवी धरतात, तोच ब्लाइंडर. दुकानात तो काळा चकचकीत, कंपनीचे चिन्ह छापलेला मिळतो. डोळ्याच्या दृष्टीने तो पांढरा आणि अर्धपारदर्शक असावा. दोन्ही बाहुल्या एकत्र लहान-मोठ्या होतात, हे आपल्या शरीराचे सूत्र आहे. एका डोळ्यासमोर अंधार केला की त्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेम धरणाऱ्या डोळ्याचीही मोठी होते, म्हणजे जो डोळा रेखीव हवा तोच धूसर होतो. शाळेच्या फाइलचे दुधी रंगाचे प्लास्टिकचे कव्हर घ्यावे, त्यातून बोटभर रुंद पट्टी कापावी, कडा काचपेपरने घासून मऊ कराव्यात आणि मागच्या साईटला बसेल असे एका टोकाला भोक पाडावे. नियमानुसार तिची उंची ३० मिलिमीटरपेक्षा आणि मागच्या साईटच्या छिद्राच्या केंद्रापासूनची लांबी १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. हे काम लेकीला स्वतः करू द्या.

रेंजच्या रायफलीवर आता जी मागची साईट आहे ती चांगली की वाईट, हे कळण्यासाठी खर्च लागत नाही. प्रशिक्षकांना विनंती करून रायफल टेकूवर ठेवून तिला पाच शॉट मारू द्या, म्हणजे हाताचा दोष बाजूला राहतो. मग साईटचा बाजूचा स्क्रू दहा क्लिक उजवीकडे फिरवून पाच शॉट, वरचा स्क्रू दहा क्लिक फिरवून पाच शॉट, पुन्हा बाजूचा स्क्रू दहा क्लिक उलट आणि शेवटी वरचा दहा क्लिक उलट, असे फिरत मूळ जागी यायचे आणि अखेरचे पाच शॉट मारायचे. चौकोन पूर्ण होऊन अखेरचे छिद्र पहिल्या छिद्रावर येऊन बसले, तर ती साईट कितीही जुनी आणि रंग उडालेली असली तरी कामाची आहे. छिद्र परत जागेवर आले नाही, किंवा क्लिक वाजूनही शॉट हलला नाही, तर स्क्रूमध्ये ढिलाई आली आहे असे समजावे, आणि तुमच्या साठ हजारांतून चांगल्या कंपनीची, बिनरंगाची मागची साईट घेणे हा उत्तम खर्च ठरेल. बहुतेक मॅच (स्पर्धेच्या) रायफलींवर साईट ११ मिलिमीटरच्या पट्टीवर बसते, त्यामुळे आज घेतलेली मागची साईट उद्या तिच्या स्वतःच्या रायफलीवरही लावता येईल.

सामाईक रायफलीवर आणखी एक अडचण येते, ती म्हणजे आधीच्या मुलाने फिरवलेली साईट. तिघांनी मिळून दोन्ही स्क्रूंवर नेलपॉलिशची बारीक खूण करावी आणि सराव संपला की साईट त्या खुणेवर आणून ठेवावी. लेकीने एका वहीत खुणेपासून आपल्याला किती क्लिक कोणत्या बाजूला लागतात, त्या दिवशी उजेड कसा होता, कोणती रिंग होती आणि कोणता छर्रा होता, एवढे लिहीत जावे. अभिनव बिंद्राने सांगितलेली गोष्ट तिला अवश्य ऐकवा. २००८ मध्ये बीजिंगला अंतिम फेरीपूर्वीच्या सरावाच्या शॉटला त्याला चार गुण मिळाले, कारण त्याची साईट जागची हललेली होती. उरलेल्या मोजक्या वेळात त्याने ती पुन्हा जुळवली आणि भारताला वैयक्तिक प्रकारातले पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. आपल्या साईटचा एकेक क्लिक हाताखालचा असल्याखेरीज असे करता येत नाही, आणि ते ज्ञान रेंजच्या जुन्या साईटवरही मिळते.

नळीच्या वजनांबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. नळीच्या टोकाला वजन लावले की रायफल सावकाश डुलते आणि अनुभवी नेमबाजाला स्थिर वाटते, हे खरे. पण उभ्याने नेम धरताना शरीर मागे झुकलेले आणि कमरेत वळलेले असते, आणि रायफलीचा भार मणक्याच्या खालच्या भागावर येतो. नियमाने साडेपाच किलोपर्यंतची रायफल चालते, याचा अर्थ वाढत्या वयातल्या मुलीने साडेपाच किलो उचलावी असा नाही. तिच्या शरीराला पेलेल इतकी रायफल हलकी ठेवावी, पोट-पाठीचा व्यायाम रोज करावा, आणि वजन वाढवायचे ते प्रशिक्षकांनी पाठीची ताकद पाहून, थोडे थोडे. स्पर्धेत दुसऱ्याच्या नळीवर वजने चमकतात म्हणून आपल्याही लावणे, हा या यादीतला एकमेव असा खर्च आहे की ज्याने मुलाच्या शरीराला इजा होऊ शकते.

पैसे कुठे घालावेत याचे माझे उत्तर साईटच्या बाहेर आहे. पहिल्यांदा तिचे डोळे तपासून घ्या. रायफलीवर भिंग चालत नसले तरी नेमबाजाला स्वतःचा चष्मा वापरता येतो. मात्र नेम धरताना मान झुकलेली असल्याने साध्या चष्म्यात नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते आणि तिथे दिसणे बिघडते. तिला नंबर निघालाच, तर नेमबाजीची एका भिंगाची फ्रेम घ्यावी. ती विचित्र दिसते, महागही वाटते, पण ती चैन नव्हे.

दुसरी बाब गालपट्टीची (रायफलीवर गाल टेकतो तो भाग) आणि बटप्लेटची (खांद्याला टेकणारे मागचे टोक). मान वाकवून गाल खाली न्यावा लागत असेल, तर कोणतीही साईट कामाची नाही, कारण डोळा दर शॉटला वेगळ्या जागी येतो. गाल टेकवून डोळे मिटावेत, मग उघडावेत. रिंग आपोआप छिद्राच्या मध्यावर दिसली तर मापे बरोबर आहेत. ती मापे बदलता येतील अशी रायफल वाढत्या मुलीला हवी, आणि सामाईक रायफलीवर तिन्ही मुलांची मापे वहीत लिहिलेली असावीत. जॅकेट आणि ट्राउझरवर फार खर्च करू नका, कारण दोन वर्षांत ती वाढेल. चांगल्या स्थितीतले वापरलेले मिळाले तर घ्यावे. मात्र स्पर्धेत कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या आत आहे का आणि ते प्रमाणाबाहेर ताठ नाही ना, याची तपासणी होते, तेव्हा पुठ्ठ्यासारखे कडक जॅकेट फॅशन म्हणून कोणी गळ्यात मारू लागले तर नकार द्या.

छऱ्यांवर मात्र हात आखडता घेऊ नका. सपाट डोक्याचे, मॅचच्या दर्जाचे छर्रे घ्यावेत. एका सरावाला सरावाचे शॉट धरून पाऊणशे छर्रे लागले, तर पाचशेचा डबा सहा-सात दिवसांत संपतो, आणि पालकांचा खरा चालू खर्च हाच असतो. छऱ्याच्या डोक्याचे माप ४.४८ ते ४.५२ मिलिमीटरपर्यंत बदलते आणि एकेका नळीला एकेक माप मानवते, म्हणून टेकूवर ठेवून तीन-चार मापांचे छर्रे मारून पाहावेत आणि ज्याची छिद्रे सर्वांत एकवटलेली येतील त्याच बॅचचे काही डबे एकदम घ्यावेत. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लहान शस्त्रांचा दारूगोळा बनतो. तिथे काम केलेला कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर एका लॉटच्या आणि दुसऱ्या लॉटच्या मालात काय फरक पडतो हे तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगेल.

पुढे कधी वापरलेली रायफल घ्यायची वेळ आली, तर रंग आणि साईट पाहण्यापूर्वी छर्रा ढकलणाऱ्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. सर्वसाधारणपणे कंपन्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात, आणि सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची असते. नवे सिलिंडर महाग पडते, त्यामुळे स्वस्तात मिळालेली रायफल त्याच्यामुळे महाग होऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत उष्णता त्याहून खूप वाढते. भरलेले सिलिंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नये.

लेकीच्या गप्प राहण्याला मी हलके मानत नाही. या वयात इतरांच्या रांगेत उभे राहताना आपले साहित्य जुने दिसते याचे दुःख खरे असते, आणि ‘नेम चांगला असला की पुरे’ असे सांगून ते जात नाही. तिला पैशांचा आकडा सांगा, दुकानदाराची यादी आणि हे पत्र तिच्या हाती द्या, आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या दोषासाठी हवी हे तिला स्वतः लिहू द्या. रिंगांचा संच, बिनरंगाची आयरिस, डोळ्यांची तपासणी, छर्रे आणि गरज पडल्यास मागची साईट एवढे घेऊन काही रक्कम उरली पाहिजे. ती पुण्या-मुंबईच्या स्पर्धांच्या प्रवासासाठी ठेवा. त्यातूनच हातमोजा किंवा साहित्याची बॅग तिला आवडेल त्या रंगाची घेऊ द्या. त्या रंगाने नेम सुधारणार नाही आणि बिघडणारही नाही, पण वस्तू तिची असेल.

साईटची चौकोनाची चाचणी झाली की ते लक्ष्यपत्र आणि तिने स्थिर उभे राहून मारलेल्या दहा शॉटचे एक लक्ष्यपत्र, दोन्हींवर तारीख आणि रिंगेचे माप लिहून मला पाठवा. त्यावरून रिंग बदलावी का आणि नवी साईट लागेल का, हे मला नेमके सांगता येईल. तोवर दुकानदाराकडे आगाऊ रक्कम भरू नका.